हेतूचा दाखला

कलाकृतीचा विचार करताना कलावंताच्या हेतूला किती महत्त्व द्यावे, हा प्रश्न साहित्यसमीक्षेने आपल्यापुरता केव्हाच निकालात काढला आहे. लेखकाचा हेतू हा कृतीच्या मूल्यमापनाचा निकष होऊ शकत नाही, असे विम्सॅट आणि बिअर्डस्ली या अमेरिकन अभ्यासकांनी 1946 साली बजावले. 1967 साली रोलाँ बार्थ यांनी तर लेखकाचा मृत्यूच घोषित केला. मराठी विद्यापीठांतून या दोन निबंधांवर विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी उत्तरपत्रिका लिहिल्या आहेत. ‘कवीला इथे काय म्हणायचे होते?’ असे विचारणारा विद्यार्थी वर्गात भाबडा ठरतो. असे असताना एका विशिष्ट वर्गातील कलावंतांचा विषय निघाला, की हीच समीक्षा एकाएकी हेतूचा दाखला मागू लागते. डाउन सिंड्रोम घेऊन जन्मलेल्या माणसाने शिल्प घडवले, रंगमंचावर भूमिका केली किंवा पुस्तक लिहिले, तर पहिला प्रश्न त्या शिल्पाविषयी, भूमिकेविषयी वा पुस्तकाविषयी नसतो. आपण काय करीत आहोत हे त्या माणसाला कळत होते का, हा तो प्रश्न असतो. इतर कलावंतांना ज्या चौकशीतून सिद्धान्ताने मुक्त केले, तिला यांनी मात्र अजून सामोरे जायचे आहे.

या दुटप्पीपणाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे जूडिथ स्कॉट. जूडिथ आणि जॉइस या जुळ्या बहिणींचा जन्म 1 मे 1943 रोजी अमेरिकेतील सिनसिनाटी येथे झाला. जूडिथच्या पेशींत 21 व्या गुणसूत्राची एक प्रत अधिक होती. डाउन सिंड्रोम म्हणतात तो हाच. त्यातच अगदी लहानपणी तिची श्रवणशक्ती गेली, आणि ती गेल्याचे कोणाच्या ध्यानात आले नाही. शाळेच्या वयात तिची बुद्धी तपासण्यात आली ती तोंडी प्रश्नांनी. ज्या मुलीला प्रश्न ऐकूच येत नव्हता, तिच्याकडून उत्तर आले नाही. ती शिकण्यास अपात्र आहे असा शेरा पडला आणि 1950 साली, वयाच्या सातव्या वर्षी, तिची रवानगी ओहायो राज्यातील कोलंबस येथील एका सरकारी संस्थेत झाली. पुढची सुमारे 35 वर्षे ती अशा संस्थांत राहिली. तेथे इतर मुलांबरोबर चित्र काढायला बसलेल्या या मुलीच्या हातातले रंगखडू, ती फारच मंद असल्याचे सांगून, काढून घेण्यात आले होते, असे पुढे तिच्या बहिणीने नमूद केले आहे. बहिरेपणा उघडकीस आला तो अनेक दशकांनी.

येथवर ‘ती’ हे सर्वनाम योजले, कारण गोष्ट लहान मुलीची होती. मराठीपाशी आदरार्थी अनेकवचन आहे, इंग्रजीपाशी नाही. त्यामुळे इंग्रजीत जी गोष्ट लपून राहते ती मराठीत उघडी पडते. डाउन सिंड्रोम असलेल्या चाळिशीच्या गृहस्थाविषयी मराठी वृत्तपत्रे सर्रास ‘तो’ लिहितात, त्याच बातमीत त्याच्या हस्ते सत्कार स्वीकारणारे पाहुणे मात्र ‘ते’ असतात. व्याकरणाने केलेला हा न्यायनिवाडा कोणी मुद्दाम केलेला नसतो, म्हणूनच तो लक्षात घेण्यासारखा आहे. स्कॉट चाळिशी उलटल्यावर कलेकडे आल्या. येथून पुढे त्या ‘त्या’च आहेत.

1980 च्या दशकाच्या मध्यास जॉइस यांनी जुळ्या बहिणीचे कायदेशीर पालकत्व मिळवले, त्यांना कॅलिफोर्नियात आपल्या घरी आणले, आणि 1987 साली ओकलंडच्या ‘क्रिएटिव्ह ग्रोथ आर्ट सेंटर’मध्ये त्यांचे नाव घातले. एलियास कॅट्झ आणि फ्लॉरेन्स लुडिन्स-कॅट्झ या दांपत्याने 1974 साली सुरू केलेली ही संस्था म्हणजे अपंग प्रौढांसाठी चालवलेली चित्रशाळा. ‘शाळा’ हा शब्दही तेथे थोडा चुकीचाच, कारण तेथे धडे दिले जात नाहीत; जागा, साहित्य, वेळ आणि शेजारी काम करणारी माणसे मिळतात. जवळजवळ दोन वर्षे स्कॉट यांनी तेथे कागदावर काही ना काही रेघोट्या काढल्या, त्यांत त्यांचे मन रमल्याचे दिसत नव्हते. मग सिल्व्हिया सेव्हेंटी या तंतुकलेत काम करणाऱ्या कलावतीची कार्यशाळा झाली. नेमून दिलेले काम सोडून स्कॉट यांनी काटक्यांची मोळी घेतली आणि ती सुताने वेढायला सुरुवात केली. त्यानंतर 15 मार्च 2005 रोजी मृत्यू येईपर्यंत त्यांनी दुसरे काही केले नाही. आठवड्याचे पाच दिवस त्या येत, ठरलेल्या जागी बसत आणि काम करीत. त्यांच्या हातून दोनशेच्या आसपास शिल्पे झाली. न्यूयॉर्कचे आधुनिक कलेचे संग्रहालय, लोझानचा ‘आर्ट ब्रूट’ संग्रह अशा ठिकाणी ती आहेत. 2014–15 मध्ये ब्रुकलिन संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले आणि 2017 च्या व्हेनिस द्वैवार्षिकीत त्यांची कामे मांडली गेली.

या शिल्पांचे वर्णन करणे सोपे नाही, आणि बहुतेक लेखकांनी ते टाळून चरित्र सांगितले आहे. गाभ्याला एखादी सापडलेली वस्तू असते: पंखा, खुर्ची, सायकलचे चाक, छत्री, कधी दुकानात सामान ठेवायची ढकलगाडी. ही वस्तू कित्येकदा दुसऱ्या कोणाची असे आणि स्कॉट यांनी ती गुपचूप उचललेली असे. तिच्याभोवती सूत, लोकर, दोरे, चिंध्या यांचे वेढे पडत जातात. एका रंगाचा थर दुसऱ्याखाली जातो, मध्येच फटीतून वर येतो. गाठी मारल्या जातात, तंतू तंतूंत ओवले जातात, आणि काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, कोशासारखा एक घन आकार तयार होतो. आत काय आहे ते कधी टोकाशी डोकावते, बहुधा पूर्ण दडलेले असते. एकदा सुताचा साठा हाताशी नव्हता, तेव्हा स्कॉट यांनी हात पुसायचे पांढरे कागद गोळा केले, त्यांना पीळ दिले, गाठी मारल्या आणि त्यांचेच एक शिल्प केले. रंगांच्या उधळणीबद्दल प्रसिद्ध असलेल्या या कलावतीचे ते काम सबंध फिकट पांढरे आहे. रंग नसताना वीण किती बोलू शकते याचा हा प्रयोग नव्हे, केवळ हाताला मिळेल ते वापरण्याची सवय होती, असे कोणी म्हणेल. पण साहित्य संपले म्हणून हात थांबवणे ही अधिक सोपी सवय आहे.

1999 साली जॉन मॅक्ग्रेगर यांनी स्कॉट यांच्या कामावर ‘मेटामॉर्फसिस’ हा सचित्र ग्रंथ लिहिला. मॅक्ग्रेगर हे या क्षेत्रातील नामवंत अभ्यासक. त्यांनी ही शिल्पे गांभीर्याने पाहिली, त्यांची नोंद केली, त्यांचे मोठेपण निःसंकोच मान्य केले. इतके करून त्यांनी असे प्रतिपादन केले, की स्कॉट यांना शिल्प म्हणजे काय याची कल्पना नव्हती आणि आपण कला निर्माण करीत आहोत याची जाणीव असणे संभवत नव्हते. या विधानाला पुरावा काय? स्कॉट बोलत नव्हत्या, हाच. ज्या बाईला कोणी भाषा शिकवली नाही, खुणांचीही नाही, तिच्या मौनाचा अर्थ ‘तेथे काही नव्हते’ असा लावणे, ही 1950 सालच्या तोंडी परीक्षेची पुनरावृत्ती आहे. तेव्हा प्रश्न ऐकू आला नव्हता. आता उत्तर ऐकू येत नाही. दोन्ही वेळा नापास झाली ती एकच व्यक्ती.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो वजनदार आहे. कृतीचा अर्थ लावताना हेतू गैरलागू असेल. परंतु एखादी वस्तू मुळात कलाकृती आहे की नाही, हे ठरवताना कोणीतरी ती कला म्हणून घडवली असणे आवश्यक नाही काय? अन्यथा कोळ्याचे जाळे आणि सुगरणीचा खोपा यांनाही संग्रहालयात न्यावे लागेल. सुगरणीच्या खोप्याचा उल्लेख मराठी वाचकाला लगेच बहिणाबाई चौधरींकडे नेईल. बहिणाबाईंनी त्या पाखराच्या कारागिरीला माणसासमोर धडा म्हणून ठेवले. तथापि आक्षेपाला उत्तर द्यायचे तर खोप्यातला आणि स्कॉट यांच्या शिल्पातला फरकच सांगितला पाहिजे. सुगरण दर हंगामाला तोच खोपा विणते. स्कॉट यांचे दुसरे शिल्प पहिल्यासारखे नाही आणि विसावे दुसऱ्यासारखे नाही. गाभ्याची वस्तू त्या निवडीत. सूत निवडीत, नाकारीत. आधी घातलेला थर पुढच्या थराने झाकीत, म्हणजे बदलीत. आणि सर्वांत महत्त्वाचे, त्या थांबत. काम पुरे झाले की ते दूर सारीत आणि पुन्हा त्याकडे वळत नसत. कुठे थांबायचे हे कळणे यापेक्षा हेतूचा आणखी कोणता पुरावा कोणत्याही शिल्पकाराने कधी दिला आहे? ‘मी हे कला म्हणून करीत आहे’ असे वाक्य उच्चारता येणे ही कलेची पूर्वअट मानली, तर अल्तामिराच्या गुहांतील गवे आणि कितीएक लेण्यांतील अनाम मूर्ती कलेच्या इतिहासातून वगळाव्या लागतील. त्यांच्या कर्त्यांनीही असे वाक्य मागे ठेवलेले नाही.

भारतीय काव्यशास्त्रात या चर्चेला उपयोगी पडेल असे पुष्कळ आहे. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त काव्यनिर्मितीची कारणे सांगितली ती शक्ती, निपुणता आणि अभ्यास ही. जगन्नाथाने प्रतिभेलाच कारण मानले. या कोणी बुद्ध्यंकाची अट घातलेली नाही. प्रतिभा ही तर्कबुद्धीपेक्षा वेगळी शक्ती आहे, हे तर येथे गृहीतच धरलेले आहे. अभ्यासाविषयी बोलायचे तर वर्षानुवर्षे, आठवड्याचे पाच दिवस एकाच माध्यमात काम करणारी किती माणसे आजच्या कलाविद्यालयांतून बाहेर पडतात?

मराठीत तर याहून जवळची हत्यारे आहेत. बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्याचा विचार करताना संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांवर भर दिला, आणि कलेचे माध्यम म्हणजे संवेदना असे मानले. मर्ढेकरांची ही भूमिका साहित्याला पुरती लागू पडत नाही, शब्द म्हणजे नुसती संवेदना नव्हे, हे पुढच्या समीक्षकांनी दाखवून दिले ते योग्यच. परंतु स्कॉट यांच्या कामापुढे ती जितकी चपखल बसते तितकी मर्ढेकरांनी स्वतः घेतलेल्या काही उदाहरणांपुढेही बसत नाही. येथे शब्द नाहीत, शीर्षक नाही, कलावंताचे निवेदन नाही. घट्ट वेढा आणि सैल वेढा, जाड लोकर आणि बारीक दोरा, एका टोकाचा फुगवटा आणि दुसऱ्या टोकाला त्याला तोलून धरणारी निमुळती काठी: संवाद, विरोध, समतोल हे शब्द ज्यांनी पाठ केले आहेत त्यांनी ते येथे वापरून पाहायला हरकत नव्हती. मराठीतून तसे फारसे कोणी केलेले नाही. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (1974) कलाविचाराचे लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी असे दोन ध्रुव मांडले आणि कलाव्यवहाराला दोन्हींची गरज असते असे म्हटले. प्रत्यक्षात समीक्षकांनी या ध्रुवांची वाटणी करून टाकलेली दिसते. धडधाकट कलावंताला अलौकिक निकष लावायचे, त्याची कृती तिच्या जीवनसंदर्भापासून सोडवून न्याहाळायची. आणि अपंग कलावंताला मात्र सगळे लौकिक निकष: जिद्द, वेदना, आईची माया, समाजाचे औदार्य. स्कॉट यांच्या जोडगोळीसारख्या दिसणाऱ्या काही शिल्पांत जुळ्या बहिणीचा विरह वाचण्यात आला आहे. तो तेथे असेलही. पण प्रत्येक गाठ विरहाची आणि प्रत्येक थर संस्थेतल्या एकाकीपणाचा, असे वाचत गेले की शिल्प उरत नाही; उरतो तो रोगवृत्तान्त.

वेगळे वाचन करता येते, याचेही एक उदाहरण आहे आणि ते साहित्याच्याच प्रांतातले. ईव्ह कोसोफ्स्की सेजविक या अमेरिकन साहित्यमीमांसक बाईंनी 2003 साली ‘टचिंग फीलिंग’ हा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा मुखपृष्ठावर स्कॉट यांचे छायाचित्र घेतले. त्यात त्या आपल्या एका शिल्पाला दोन्ही हातांनी कवटाळून उभ्या आहेत. प्रस्तावनेत सेजविक या छायाचित्राविषयी लिहितात ते दयेने नव्हे. स्पर्श आणि भावना यांचा संबंध काय, या आपल्या सैद्धान्तिक प्रश्नाच्या ओघात लिहितात. म्हणजे एका विदुषीने स्कॉट यांच्याकडून काही घेतले. समीक्षेच्या दृष्टीने ही घटना अनेक सत्कारांहून मोठी आहे.

दयेइतकाच घातक दुसरा सापळा कौतुकाचा. झाँ द्युब्युफे यांनी 1945 साली ‘आर्ट ब्रूट’ ही संज्ञा पुढे आणली. संस्कृतीचा स्पर्श न झालेली, कच्ची, निर्मळ कला अशी त्यामागची कल्पना. 1972 साली रॉजर कार्डिनल यांनी तिला ‘आउटसायडर’ हा इंग्रजी पर्याय दिला. या विचाराने अनेक दुर्लक्षित कलावंतांना प्रकाशात आणले, हे त्याचे श्रेय. परंतु ‘बाहेरचा’ हा शब्द जूडिथ स्कॉट यांना लावताना जीभ चाचरायला हवी. त्यांना बाहेर ठेवले होते. पस्तीस वर्षे कोणाला आवाराबाहेर येऊ द्यायचे नाही, आणि मग त्यांच्या कामात संस्कृतीचा स्पर्श नाही म्हणून हरखून जायचे, हा न्याय अजबच म्हणावा लागेल. शिवाय ते खरेही नाही. कार्यशाळा, आजूबाजूला काम करणारे सहकारी, देणगीदाखल आलेले सूत, डोक्याला बांधायचे रुमाल आणि गळ्यातल्या माळा यांची स्वतः स्कॉट यांना असलेली हौस, ही सगळी संस्कृतीच आहे. निरागसतेचा गौरव हे बहुतेक वेळा प्रौढत्व नाकारण्याचे सभ्य रूप असते. महाराष्ट्रात त्याला ‘देवाघरची मुले’ म्हणतात. अलीकडे रूढ झालेला ‘दिव्यांग’ हा शब्दही त्याच वाटेने आला आहे. ‘मतिमंद’ हा शब्द हटला हे चांगले झाले, पण माणसाला खड्ड्यातून काढून एकदम देव्हाऱ्यात बसवले की तो पुन्हा पंगतीबाहेरच राहतो.

शब्दांचा हा इतिहास जुना आहे. 1866 साली जॉन लँग्डन डाउन यांनी ज्या निबंधात या स्थितीचे पहिले नीट वर्णन केले, त्यातच त्यांनी या लोकांना वंशवाचक ‘मंगोलियन’ हे नाव दिले. 1959 साली गुणसूत्राचा शोध लागला आणि त्या नावामागची उपपत्ती निराधार ठरली, तरी नाव टिकले. 1961 साली काही शास्त्रज्ञांनी ‘लॅन्सेट’मध्ये पत्र लिहून ते टाकण्याची सूचना केली आणि 1965 मध्ये मंगोलियाच्या विनंतीनंतर जागतिक आरोग्य संघटनेने ते सोडले. डाउन यांच्या निबंधातली आणखी एक नोंद मात्र समीक्षकांनी वाचायला हवी. या लोकांच्या अंगी अनुकरणाची शक्ती मोठी असते, ते जवळजवळ नकलाकार असतात, त्यांना विनोदाची जाण असते, असे त्यांनी लिहून ठेवले. डॉक्टरांनी ते लक्षण म्हणून लिहिले. ॲरिस्टॉटलने तीच गोष्ट काव्याचे उगमस्थान म्हणून सांगितली होती: अनुकरण ही माणसाची जन्मजात प्रवृत्ती, तिच्यातूनच नाट्य निर्माण होते. शंकुकाने नटाच्या अनुकरणावर रसाची उपपत्ती उभी केली आणि अभिनवगुप्ताने ती खोडून काढली, त्या वादावर आजही प्रबंध लिहिले जातात. एकाच शक्तीला ग्रीक रंगभूमीवर प्रतिभा म्हणायचे आणि डाउन सिंड्रोम असलेल्या नटाच्या ठायी लक्षण, यात शास्त्र कुठे आहे?

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. 1996 साली कान महोत्सवात उत्कृष्ट अभिनेत्याचे पारितोषिक डॅनिएल ओतेय आणि पास्काल द्युकेन यांना विभागून मिळाले. द्युकेन यांना डाउन सिंड्रोम आहे. 2009 साली सान सेबास्तियनला उत्कृष्ट अभिनेता ठरले ते स्पेनचे पाब्लो पिनेदा, त्यांनाही. दोन्ही वेळा कुजबुज तीच: यात अभिनय कसला, ते तर स्वतःच होते. द्युकेन यांनी त्याच दिग्दर्शकाच्या 1991 सालच्या चित्रपटात आधीच काम केले होते, ही माहिती कुजबुजणाऱ्यांच्या सोयीची नव्हती. 2014 साली प्रदर्शित झालेल्या ‘यलो’ या मराठी चित्रपटात जलतरणपटू गौरी गाडगीळ यांनी स्वतःचीच भूमिका केली. त्या चित्रपटाचे भरभरून स्वागत झाले, पण कॅमेऱ्यापुढे स्वतःचीच भूमिका करणे ही अभिनयाच्या दृष्टीने केवढी गुंतागुंतीची गोष्ट आहे, याची चर्चा व्हायला हवी होती त्यापेक्षा फारच कमी झाली. इच्छाशक्तीवर मात्र रकाने भरले.

झुरिकच्या ‘थिएटर होरा’ या नाट्यसंस्थेतील नटांना घेऊन फ्रेंच नृत्यदिग्दर्शक जेरोम बेल यांनी 2012 साली एक प्रयोग केला. त्याची सुरुवात अशी: प्रत्येक नट एकटा मंचावर येतो आणि एक मिनिट प्रेक्षकांकडे पाहत उभा राहतो. मग पुन्हा येऊन नाव, वय आणि व्यवसाय सांगतो. व्यवसाय: नट. या प्रयोगावर बौद्धिक अक्षमतेचे प्रदर्शन मांडल्याची टीका झाली, आणि ती सर्वस्वी उडवून लावण्यासारखी नाही. दिग्दर्शकाचे नाव मोठे होते आणि नटांचे लहान, हेही खरे. पण 2013 साली बर्लिनच्या नाट्यमहोत्सवात तरुण नटांसाठी असलेले आल्फ्रेड केर पारितोषिक त्यांतल्या यूलिया हॉयझरमान यांना मिळाले. त्यांनाही डाउन सिंड्रोम आहे. निवड एका ज्येष्ठ नटाने केली होती. नटाने नटाला ओळखले.

लेखनाच्या बाबतीत परिस्थिती अधिक बिकट आहे, कारण साहित्य हे बुद्धीचे राखीव कुरण मानले जाते. 1967 साली इंग्लंडमध्ये नायजेल हंट यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. हे मूल कधीही वाचू शकणार नाही, असे सांगितले गेले असताना आईने त्यांना वाचायला शिकवले. पुस्तक त्यांनी स्वतः टंकलिखित केले. त्यात प्रवास आहे, वाद्यवृंदांचे वेड आहे, घरची माणसे आहेत. पण पुस्तकाच्या नावात तोच ‘मंगोलॉइड’ शब्द, जागतिक संघटनेने टाकून दोन वर्षे झाल्यावर. आणि प्रास्ताविक लिहिले ते लायनेल पेनरोझ या आनुवंशिकीच्या थोर शास्त्रज्ञांनी. पेनरोझ यांचा हेतू उदारच होता. तरीही कवितासंग्रहाला कवीची प्रस्तावना मिळते आणि हंट यांना डॉक्टरांची मिळाली, ही वस्तुस्थिती राहते. ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हे पुस्तक हाती घेऊन दशांश वर्गीकरणात त्याला कोणता अंक देता येईल ते पाहावे. रोगांसाठी 616 आहे, समाजकल्याणासाठी 362. साहित्य 800 पासून सुरू होते. पहिल्या दोन ठिकाणी ठेवलेल्या पुस्तकाच्या गद्याची लय कशी आहे, हा प्रश्न कोणी विचारणार नाही, कारण त्या कपाटापाशी असा प्रश्न विचारणारा वाचक जातच नाही.

साहाय्याचा मुद्दा नेहमी शेवटी काढला जातो. या कलावंतांना कोणी तरी साहित्य पुरवते, जागा देते, कार्यशाळा घेते. मग कर्तृत्व कोणाचे? 2025 साली ब्रिटनचे टर्नर पारितोषिक न्नेना कालू यांना मिळाले. त्या स्वमग्न आहेत, फार थोडे बोलतात आणि वेढून, बांधून, गुंडाळूनच शिल्पे करतात. बौद्धिक अक्षमता असलेल्या कलावंताला हे पारितोषिक मिळण्याची ती पहिलीच वेळ. तेव्हाही साहाय्यकाच्या वाट्याची चर्चा झाली. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला तरी हा आक्षेप शोभत नाही. ज्ञानेश्वरी सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली, म्हणून ती त्यांची झाली नाही. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. घरच्या माणसांनी टिपून ठेवलेली गाणी 1952 साली, त्यांच्या मृत्यूनंतर, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आली. सुरुवातीला ‘निरक्षर असूनही’ हे शब्द त्यांच्या नावाला चिकटले होते. हळूहळू समीक्षेने ‘असूनही’ सोडले आणि ओवीकडे पाहायला सुरुवात केली. बहिणाबाई आणि स्कॉट यांची बरोबरी करण्याचा येथे उद्देश नाही. एकीपाशी बोलीची अंगभर भाषा होती आणि ओवीची परंपरा होती, दुसरीपाशी दोन्ही नव्हते. सारखेपणा आहे तो समीक्षकांच्या चुकीत.

स्कॉट यांचे प्रत्येक काम थोर आहे असेही नाही. आरंभीच्या काटक्यांच्या मोळ्या एकमेकींजवळ ठेवल्या तर त्यांतला तोचतोपणा लपत नाही. काही मोठ्या शिल्पांत वस्तूची अवजड आकृती विणीवर मात करते. असे लिहायला समीक्षक कचरतात. बाजारात मात्र तो संकोच नाही, तेथे किमतींचा चढउतार मोकळेपणाने होतो. कलावंत म्हणून मान द्यायचा तर त्यात वाईट म्हणवून घेण्याचा अधिकारही येतो, आणि हा अधिकार डाउन सिंड्रोम असलेल्या कलावंतांना आजवर जवळजवळ कोणीच दिलेला नाही.

दिवाळीच्या आधी महाराष्ट्रातल्या शहरांतून विशेष शाळा आणि कार्यशाळा यांची प्रदर्शने भरतात. पणत्या, आकाशकंदील, उटण्याची पाकिटे, भेटकार्डे. माणसे मोठ्या मनाने खरेदी करतात, दर विचारीत नाहीत. वस्तूवर संस्थेचा शिक्का असतो, क्वचित देणगीदाराचे नाव असते. रंगवणाऱ्याचे नाव नसते. शंभर पणत्यांत एखादी अशी निघते, की जिच्यावरची निळी रेघ कडेपर्यंत जाऊन नेमकी वळली आहे आणि शेजारची जागा मुद्दाम कोरी सोडली आहे. ती कोणी रंगवली हे टेबलापलीकडे बसलेल्या बाईंना विचारले, तर बहुधा उत्तर येते: ‘आमच्या मुलांनी.’ त्यांतल्या कोणी, हे विचारणारे गिऱ्हाईक फारसे येत नाही, आणि कलासमीक्षक तर या प्रदर्शनांकडे फिरकतच नाहीत.